चिल्ल्यातली डोकेदुखी

आमच्याकडे बाळंतिणीचे पहिले चाळीस दिवस म्हणजे चिल्ला. डोक्याला घट्ट रुमाल, शेकशेगडी, अळिवाची खीर, उशाशी लोखंडाचा तुकडा. भोरच्या मोहल्ल्यात आम्ही बहिणी हेच बघत मोठ्या झालो. या दिवसांत बाईचे डोके दुखले तर 'वारा लागला' आणि झटके आले तर 'आसेब', ही निदानेही ठरलेली.

आमची मामेबहीण वेल्ह्याकडच्या वाडीत दिलेली. तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच. तिचे बाळंतपण सुखरूप झाले. दवाखान्यातून सोडताना रक्तदाब कुणी पाहिला नाही. चौथ्या रात्री ती सासूला म्हणाली, "अम्मा, डोकं फुटतंय. समोरचं धूसर दिसतंय."

"नजर लागली असंल बेटी, मिरच्या उतरवते."

पहाटे झटके आले. घरात आमिलाला आणायची बोलणी सुरू झाली. तेवढ्यात आशाताई आली आणि तिने १०८ ला फोन लावला. भर पावसात नसरापूरमार्गे पुणे गाठले. तिथे मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन मिळाले. बहीण वाचली.

हे आसेब नव्हते, वाढलेल्या रक्तदाबाचे झटके होते. पाचव्या महिन्यानंतर दाब १४०/९० किंवा त्यावर गेला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली, की धोका सुरू होतो. दुखण्याचे मूळ वारेत असते, पण वार पडली म्हणजे धोका लगेच टळत नाही. बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात. मॅग्नेशियम सल्फेट वेळेवर दिल्यास झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांच्या अभ्यासात दिसले.

दाब उतरवायला महागडी यंत्रेच लागतात असेही नाही. नागपुरातल्या दोन सरकारी रुग्णालयांत २०१५ ते २०१७ या काळात फार वाढलेल्या दाबाच्या ८९४ गरोदर बायकांना निफेडिपिन, लॅबेटालॉल किंवा मिथिलडोपा, यांपैकी एक औषध तोंडाने दिले. तिन्ही गटांत सहा तासांत चारपैकी तिघींहून अधिक जणींचा दाब आटोक्यात आला. डोंगरातल्या वाड्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. मात्र गोळी डॉक्टरनेच द्यायची, आणि त्यासाठी दाब आधी मोजायला हवा.

डॉक्टर बाळंतपणानंतर सहा आठवडे सांभाळायला सांगतात; आपला चिल्ला जवळजवळ तेवढाच. म्हणून रिवाज मोडा असे आम्ही म्हणत नाही. रुमाल बांधा, खीर द्या, दुआही करा. पण गरोदरपणी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात होणारी मोफत तपासणी चुकवू नका, आणि चिल्ल्यात पहिल्या आठवड्यात दाब मोजून घ्याच. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटात कळ, चेहऱ्यावर एकाएकी सूज, यांतले काहीही दिसले तर आधी गाडी बोलवा. आमिलाकडे जाण्यात गेलेला तास बाळंतिणीला परत मिळत नाही.