दोन चाकांवरून कऱ्हाड

रस्ता एकच असला, तरी तो तीन तऱ्हांनी दिसतो. एस.टी.च्या खिडकीतून तो पेंगुळलेला दिसतो. मोटारीच्या काचेतून पडद्यावरच्या चित्रासारखा पुढं सरकत राहतो. आणि मोटारसायकलवर बसलं, की तोच रस्ता अंगावर चालून येतो! खड्डा दिसायच्या आधी मणक्याला कळतो, उसाच्या मळीचा वास गावाची पाटी येण्याआधी नाकात शिरतो आणि समोरून येणारा वारा माणसाच्या छातीवर हात ठेवून विचारतो, "काय हो, एवढ्या घाईनं कुठं?"

पुण्याहून कऱ्हाडला जाणारा रस्ता मी लहानपणापासून ओळखतो. पूर्वी त्याचं नाव राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ होतं. २०१० साली सगळ्या महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हा तो ४८ झाला. आमच्या आईच्या लेखी मात्र तो अजून 'बंगलोर रोड'च आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. इथं तसा नाही. इथं मालमोटारी, आरामगाड्या, एस.टी., बैलगाड्या आणि आमच्यासारखे नवशिके मोटारसायकलवाले अशा साऱ्यांचीच एक पंगत बसते. फरक इतकाच, की या पंगतीत कुणी कुणाला 'सावकाश होऊ द्या' म्हणत नाही.

वयाच्या ४४ व्या वर्षी मोटारसायकल घेणारा गृहस्थ हा सोसायटीत करमणुकीचा विषय होतो. वीस वर्षं मी शहरात स्कूटर चालवली. भाजी, शाळा, कचेरी, लग्नकार्यं, सारं तिच्यावरच झालं. पण माझी आई कऱ्हाडला एकटी राहते. वय ७६. पुण्याला चल म्हटलं, की म्हणते, "इथं सकाळी कृष्णा दिसते. तुमच्या चौथ्या मजल्यावरून मला काय दिसणार, पाण्याच्या टाक्या?" २०२२ च्या ऑगस्टात एका रात्री ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. मला फोन आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. मिळेल ती गाडी धरून मी पोचलो तो उजाडत होतं. हाड मोडलं नव्हतं, हे नशीब. पण ते सहा-सात तास माझ्या मनातून गेले नाहीत. ऑक्टोबरात मी मोटारसायकल घेतली. सौ. एवढंच म्हणाली, "घ्या. पण चालवता चालवता फोन घ्यायचा नाही. थांबून घ्यायचा."

महिनाभर शहरात हात बसतो न बसतो तोच २० नोव्हेंबरचा दिवस उजाडला. कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडं उतरताना नवले पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. त्या रात्री त्याच उतारावर एका अवजड वाहनानं अनेक गाड्यांना धडक दिली. दूरदर्शन संचावर चुरडलेल्या मोटारींची रांग दिसत होती. आमचं घर तिथून जवळ, धायरीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच आईचा फोन.

"ती गाडी विकून टाक."

"अगं, मी अजून हमरस्त्यावर गेलोही नाही."

"जाऊच नकोस. मी पडले तर शेजारी आहेत. तू पडलास तर मला कोण आहे?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांजवळ सापडलं. काका एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. स्वारगेट-कोल्हापूर हा रस्ता त्यांनी किती वेळा केला याचा हिशेब त्यांनाही नाही. त्यांनी माझ्या आईची बाजू घेतली नाही आणि माझीही नाही. ते म्हणाले, "हे बघा, भीती वाटते ते बरंय. ती जायची वाट बघू नका, तिला कामाला लावा. एका रविवारी एकच टप्पा. मन म्हणंल आणखी पुढं जाऊ. तरी ठरल्या जागेवरनं माघारी फिरायचं."

४ डिसेंबरला उजाडता उजाडता मी निघालो. पहिला टप्पा खेड-शिवापूर. वेगाचा काटा ५० वर. वाऱ्याचा पहिला झोत आला आणि माझ्या दोन्ही मुठी हँडलवर आवळल्या गेल्या. नवशिक्याचं सगळं दुखणं इथं सुरू होतं. मुठी आवळल्या, की खांदे ताठतात. खांदे ताठले, की अंगाला बसलेला वाऱ्याचा प्रत्येक धक्का थेट हँडलपर्यंत पोचतो, गाडी डुलते आणि डुलली म्हणून माणूस आणखी आवळतो. काकांचा उपाय साधा होता : टाकी गुडघ्यांनी धरायची, पोट किंचित आत घ्यायचं आणि हात असे ठेवायचे, जणू मुठीत चिमणी आहे. गाडीला सरळ राहायचं असतंच. आपण तिला तेवढी मोकळीक द्यायची. दुसरी गोष्ट नजरेची. नजर पुढच्या चाकापाशी असली, तर ५० चा वेगही भोवळ आणतो. तीच दूरवर, रस्ता जिथं दिसेनासा होतो तिथं ठेवली, तर ७० चा वेगही सुसह्य होतो.

परतीच्या वेळी तो उतार होताच. काकांनी बजावलं होतं, की उतारावर गाडी कधी न्यूट्रलमध्ये सोडायची नाही. गिअर खालचा घ्यायचा, इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यायची आणि पुढं जितकं बघाल तितकंच आरशात मागं बघायचं. मागून अवजड गाडी येताना दिसली, की तिच्याशी शर्यत न लावता डावीकडं सरून तिला वाट द्यायची. नवले पूल मागं पडला तेव्हा डिसेंबरच्या थंडीतही माझा सदरा पाठीला चिकटला होता.

दुसरा रविवार शिरवळचा, नीरा नदीच्या पुलापलीकडचा. वेग ६०. या टप्प्यानं मला अंतराचं गणित शिकवलं. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर आणि ८० म्हणजे २२ मीटर. समोरच्या गाडीचा लाल दिवा पाहून आपला हात ब्रेककडं जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. तेवढ्यात आपण एका मोठ्या बसच्या लांबीहून जास्त पुढं गेलेले असतो, आणि ब्रेक अजून लागायचाच असतो! त्यातून वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. म्हणून पुढच्या गाडीनं एखादा खांब ओलांडला, की आपण तिथं पोचेपर्यंत मनात किमान दोन सेकंद मोजायचे. मी तीन मोजतो. मधल्या मोकळ्या जागेत कुणीतरी घुसतोच; घुसू द्यावा आणि पुन्हा तीन मोजावेत. त्यानं कऱ्हाडला पोचायला दोन मिनिटं उशीर होतो, एवढंच.

मालमोटारीला मागं टाकणं हाही एक स्वतंत्र पाठ आहे. तिच्या आडोशाला असताना वारा एकाएकी पडतो, आणि तिच्या तोंडापुढं येताच तो बाजूनं थाप मारतो. ही थाप येणार हे ठाऊक असलं, की ती निम्मी होते. आणि सर्वांत महत्त्वाचं : तिच्या कुशीत रेंगाळायचं नाही. तिच्या ड्रायव्हरचा चेहरा तुम्हांला आरशात दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

तिसऱ्या रविवारी खंबाटकी घाट. साताऱ्याकडं जाताना चढ घाटातून आणि परतताना बोगद्यातून अशी तेव्हा तिथली रीत होती. वळणावर मोटारसायकल वळते कशी, हे मला तिथं कळलं. सायकल आपण लहानपणीच शिकतो, पण आपलं शरीर काय करतं हे मनाला कधी सांगत नाही. वेग असताना उजवीकडं वळायचं, तर उजवी मूठ हलकेच पुढं रेटायची. गाडी उजवीकडं कलते आणि वळते. हे मी आधी मोकळ्या मैदानावर दहा वेळा करून पाहिलं होतं, तरी घाटात ते पहिल्यांदा जमलं तेव्हा कोडं सुटल्यासारखं हसू आलं. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नव्हे. आणि नजर दरीच्या कठड्यावर न ठेवता वळणाच्या शेवटावर ठेवायची. गाडी नजरेमागून जाते, कठड्याकडं बघाल तर कठड्याकडंच! वळणावर सांडलेल्या डिझेलचा काळसर पट्टा दिसला, की कुठलंही धाडस न करता सरळ, हळू निघून जायचं.

चौथा रविवार साताऱ्याचा. घाट उतरला, की मुलूख मोकळा होतो. भुईंजला कृष्णा आडवी येते, डावीकडं चंदन आणि वंदन हे जोडकिल्ले दिसू लागतात आणि पुढं अजिंक्यतारा वाट पाहत बसलेला असतो. इथं काटा पहिल्यांदा ८० ला टेकला. २०१८ सालच्या केंद्राच्या अधिसूचनेत चौपदरी महामार्गावर मोटारसायकलला तेवढीच कमाल मर्यादा दिली होती, आणि माझ्याही धीराची मर्यादा तीच. इंजिनाचा आवाज एका सुरात लागला होता. चंदन-वंदनावर कोवळं ऊन पडलं होतं. एस.टी.त बसून शेकडो वेळा पाहिलेले ते डोंगर त्या दिवशी माझ्याबरोबर चालत होते. पण या सुखाला एक काटा आहे. तासभर अशा वेगानं गेल्यावर ४० चा वेग म्हणजे गाडी उभीच आहे असं वाटू लागतं. गावाच्या फाट्यावर वळताना मनाचं ऐकू नये, काट्याचं ऐकावं.

१ जानेवारी २०२३, पाचवा रविवार. साताऱ्याच्या पुढं उसाचा हंगाम भरात होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, रस्त्यावर पडलेली कांडी, मधूनच उलट्या बाजूनं येणारा एखादा दूधवाला. "ट्रॉलीला मागं दिवा नाही असंच धरून चाला," हे काकांचं वाक्य. ते पुढं म्हणाले होते, "आणि साहेब, रात्री हा रस्ता दोन चाकांवर करू नका. हंगामात तर नाहीच."

त्या वाक्यावर मी सातारा ते उंब्रज विचार करत होतो. मी गाडी घेतली होती ती रात्री-अपरात्री धावून जाण्यासाठी. आणि पाच रविवारांनी मला शिकवलं होतं ते हे, की त्या प्रसंगी एस.टी.च बरी. मग हा खटाटोप कशासाठी?

आई पायरीवर उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, गाडीकडं पाहिलं. इंजिनाजवळ हात नेऊन ऊब घेतली. "बरीच तापते की," म्हणाली. मागच्या सीटवर सौ.नं बांधून दिलेलं दुसरं हेल्मेट होतं. ते कुणासाठी, हे आईनं विचारलं नाही. चहा झाल्यावर म्हणाली, "प्रीतिसंगमापर्यंत नेशील?"

कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तिथवर आम्ही ताशी १५ च्या वेगानं गेलो. वाटेत तिनं दोनदा माझा खांदा दाबला. "जरा सावकाश!" यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी ती बराच वेळ पाण्याकडं बघत बसली. गाडी विकण्याचा विषय तिनं काढला नाही. निघताना एवढंच म्हणाली, "पोचलास की फोन कर. मधे थांबलास तरी कर."

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दुपारी मिळालं. एस.टी.नं मी दोन-तीन महिन्यांतून एकदा जात असे. आता एक रविवार सोडून एक जातो, दिवसाउजेडी. आई पडल्यावर धावत जाण्यापेक्षा ती पडू नये म्हणून आधीच जाऊन येणं बरं. त्या दिवशी हेल्मेटाखाली पिशवीत मी दोन पोलादी दांड्या आणल्या होत्या. संध्याकाळच्या आत माघारी फिरायचं होतं, म्हणून जेवण होताच बाह्या सारल्या आणि न्हाणीघराच्या भिंतीत, आईच्या हाताच्या उंचीला, त्या पक्क्या बसवून टाकल्या.