डावी बाजू मोकळी

नंद्या गेला तो २०२२च्या लम्पीच्या साथीत. राज्यभर जनावरांचे बाजार बंद होते. दगावलेल्या बैलामागे शासनाने २५ हजारांची मदत जाहीर केली होती, आणि पुण्याहून मुलाने फोनवर पहिली चौकशी केली ती त्या अर्जाची. आप्पांनी अर्ज भरला. अक्का मात्र बरेच दिवस मुलाशी फोनवर बोलल्या नाहीत.

मागे हौश्या राहिला.

आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. नोकरी सांभाळून उमरग्याच्या शिवारातलं रान त्यांनी या जोडीवर कसलं. जुवाला नंद्या डावीकडे, हौश्या उजवीकडे. जोडीदार गेला तरी हौश्याने आपली बाजू सोडली नाही. पाणंदीने एकटा चालतानाही तो उजव्या कडेनेच चाले, डावीकडे एका बैलाची जागा राखून. हौदावर गेला की डावीकडे मान वळवून थांबे, मगच पाण्याला तोंड लावी. नात सुट्टीला आली तेव्हा तिने विचारलं, “हा कुणाची वाट बघतो?” आप्पा काहीतरी सांगायला गेले आणि उठून गोठ्यात गेले.

रानात त्याला काम नव्हतं. पेरणी ट्रॅक्टरने, सोयाबीनची मळणी यंत्राने. २०१९च्या पशुगणनेत देशातले बैल-वळू सात वर्षांत तीस टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. उमरग्यात ते मोजायला आकडे लागत नाहीत, रिकामे गोठे दिसतात. २०१५च्या कायद्याने बैलांची कत्तल बंद झाली, तेव्हापासून थकलेल्या बैलाला गिऱ्हाईकही मिळेना. मुलगा म्हणायचा, “आप्पा, त्याला गोशाळेत द्या आणि तुम्ही दोघं इकडं या.” दोन्ही गोष्टी तो एकाच वाक्यात बोलायचा. अक्कांना ते वाक्य लागायचं.

एका रात्री दावं तुटलं आणि हौश्या निघून गेला. सोलापूर-हैदराबाद महामार्ग जवळच. रात्रभर ट्रक धावतात, अंधारात जनावर दिसत नाही. आप्पा बॅटरी घेऊन निघाले, तर गुडघे धरलेल्या अक्का मागोमाग. “तू कशाला येतीस?” “मी हाक मारल्याबिगर त्यो यायचा न्हाई.” महामार्गाच्या कडेने दोघं चालत राहिली. लांब काही काळं पडलेलं दिसलं की अक्का थांबत आणि आप्पा पुढे जाऊन बघत. एकदा ताडपत्री निघाली, एकदा टायर.

हौश्या रानात सापडला. तासाच्या तोंडाशी उभा, औताला जुंपण्याआधी उभा राही तसा. अक्कांनी हाक मारली, पाठीवरून हात फिरवला. परत येताना तो नेहमीसारखा उजव्या कडेला लागला. अक्कांनी आधारासाठी त्याच्या वशिंडावर हात ठेवला आणि त्याच्या डाव्या अंगाने चालू लागल्या. आप्पा मागून उजेड दाखवत होते. आपली बायको नंद्याच्या जागेवरून चालली आहे, हे त्यांना घराजवळ आल्यावर उमगलं. ते तिला बोलले नाहीत. मुलाला मात्र दुसऱ्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाले, “गोशाळेचा विषय परत काढू नको.”

पोळा होऊन आठवडा झाला आणि हौश्या गेला. मुलगा रातोरात पुण्याहून आला. जेसीबी त्यानेच ठरवला, मीठही आणलं, आणि खड्डा कुठे घ्यायचा हे कुणी सांगण्याआधी नंद्याच्या उजव्या अंगाची जागा त्याने दाखवली. अक्कांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. जेवताना त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी पडली.

जाताना त्याने जू मागितलं, फ्लॅटच्या भिंतीवर लावायला. अक्का म्हणाल्या, “भितीला टांगाया न्हाई त्ये. घुंगरमाळ ने, पोरीला दे.” त्याने माळ घेतली. पुण्याला कधी येताय, हे मात्र विचारलंच.

“येळवस झाल्यावर बघू,” आप्पा म्हणाले. “रानातल्या पूजेच्या कोपीला कडबा लागतो. औंदा अर्धा एकर ज्वारी पेरतोय.”

“आप्पा, जनावर नाही दावणीला. बाकीचा कडबा खाणार कोण?”

“शेजाऱ्याची म्हैस हाय की. तू पोरीला घेऊन येळवशीला ये, मग बोलू.”