बसतंय ना नियमात?

तीसेक वर्षं सीएची प्रॅक्टिस केलेल्या माणसाला 'हेतू' या गोष्टीची ॲलर्जी असते. कायद्यात काय लिहिलंय ते बोला, अशिलाच्या पोटात काय होतं ते विचारू नका. प्रणब मुखर्जींनी २०१२च्या अर्थसंकल्पात 'गार' आणायची घोषणा केली. व्यवहार कागदोपत्री चोख असला तरी तो मुख्यतः कर वाचवायलाच रचलेला दिसला, तर खात्याने तो ग्राह्य धरू नये, अशी ती तरतूद. तेव्हा मी जिथे माईक मिळेल तिथे तिच्यावर तोंडसुख घेतलं होतं. २०१७च्या एप्रिलपासून ती लागू झाली तरी माझं मत तेच: अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला कायदा हा कायदाच नव्हे. हेच मत बरोबर घेऊन मी थायलंडमधल्या चिआंग मायला राहायला गेलो. हो, राहायलाच. फिरायला नव्हे.

थायलंडने भारतीयांना २०२३च्या नोव्हेंबरात व्हिसामुक्त प्रवेश दिला. त्याआधी विमानतळावर २,००० बाट मोजून पंधरा दिवस मिळायचे. मग आधी तीस आणि जुलै २०२४पासून साठ मिळू लागले. इमिग्रेशनच्या कचेरीत १,९०० बाट भरले की वर आणखी तीस. नव्वद झाले. मग सीमेपलीकडे पाऊल टाकायचं, परत यायचं, पुन्हा साठ अधिक तीस. रस्त्याने येणाऱ्याला अशी व्हिसामुक्त एन्ट्री कॅलेंडर वर्षात दोनदाच मिळते. पण कॅलेंडर वर्षात! म्हणजे डिसेंबरात कोटा संपला तरी १ जानेवारीला पाटी कोरी. ज्याने उभा जन्म ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे व्यवहार सरकवण्यात घालवला, त्याला हे वाचून काय गुदगुल्या झाल्या असतील! शिवाय तिथे वर्षात १८० दिवस भरले की माणूस कराच्या दृष्टीने तिथला रहिवासी होतो. नव्वद दुणे एकशे ऐंशी. मी एक्सेलमध्ये तक्ता केला आणि १७९च्या पुढचे रकाने लाल रंगवले.

सीमेपलीकडच्या या फेरीला तिकडे सरळ 'व्हिसा रन' म्हणतात आणि त्याच्या गाड्या असतात. चिआंग मायहून पहाटे निघालेली व्हॅन चिआंग राय ओलांडून मेकाँगकाठच्या चिआंग खोंगला पोचते. तिथे बाहेर पडल्याचा शिक्का. मग बसमधून २०१३ साली खुला झालेला मैत्रीपूल. थायलंडमध्ये गाड्या डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून, त्यामुळे वाटेत बस रस्त्याची बाजू बदलते. पलीकडे लाओसचा व्हिसा. तो डॉलरमध्ये घेतात, आणि नोट दुमडलेली असली तर तिथला माणूस ती उजेडात धरून उलटसुलट करतो. पासपोर्टचं एक अख्खं पान त्या स्टिकरला जातं. ते चिकटल्या चिकटल्या आम्ही परतीच्या रांगेत. लाओसमध्ये आम्ही पाहिलं काय, तर काउंटर. रांगेत एक रशियन जोडपं, मुलांना इंग्रजी शिकवणारा एक तरुण आणि आपापसात ओळखी झालेले दोन म्हातारे ब्रिटिश. सगळे पर्यटक, आणि एकाच्याही हातात कॅमेरा नाही.

अशाच एका फेरीत व्हॅनमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन मी एका अशिलाच्या नोटिशीचं उत्तर लिहीत होतो. पैसा त्याच्या एका कंपनीतून निघून, दोन वळसे घेऊन, पुन्हा त्याच्याच दुसऱ्या कंपनीत आला होता. खात्याचा प्रश्न साधा होता: या फेऱ्याला दुसरं काही प्रयोजन होतं का? मी चार परिच्छेद लिहिले आणि खोडले. त्या व्हॅनमध्ये बसून ते उत्तर मला लिहिता येईना, एवढं खरं. अशिलाचं सोडा, मी स्वतः त्या क्षणी ज्या रस्त्याने चाललो होतो त्यालाही दुसरं प्रयोजन नव्हतं.

तरी मत काही व्हॅनमध्ये बदललं नाही. मतं इतक्या स्वस्तात बदलत नाहीत. घरी आल्यावर मी बाजू लढवतच होतो. बायको म्हणाली, "अहो, कुकर नेलात, पोळपाट नेलंत, भाडेकरार केलात, आणि त्या आगमनाच्या फॉर्मवर कारण काय लिहिता? हॉलिडे?" मे २०२५पासून तो फॉर्म ऑनलाइन झाला आहे, यादीतून कारण निवडायचं असतं. मी म्हटलं, माझ्यासारख्याला लागू पडणारा पर्याय यादीत नाही, हा त्यांचा दोष. ती म्हणाली, "हो का? मग त्या झाडणाऱ्या बाईला तरी कुठला पर्याय होता?"

ती बाई आमच्या इमारतीत काम करायची. म्यानमारच्या शान प्रांतातली. तिकडून आलेल्या कामगारांकडे गुलाबी कार्ड असतं, त्यावर फोटो, आणि परवाना मुदतीत नव्याने काढावा लागतो. बायको तिच्याशी खाणाखुणांनी गप्पा मारायची, म्हणून हे मला कळलं. त्या इमारतीत ती बाई आणि मी, दोघंही रोज काम करत होतो. परवाना तिच्या एकटीकडे होता.

गोव्यात मी हे उलट्या बाजूने पाहिलं होतं. हरमलला खोल्या भाड्याने देणारा माझा एक अशील आहे. त्याचे परदेशी पाहुणे व्हिसा संपत आला की काठमांडूला किंवा श्रीलंकेला जाऊन नवा घेऊन यायचे. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याशी जोडलेल्या हेडली प्रकरणानंतर, २००९च्या अखेरीस, आपल्या सरकारने दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचं अंतर सक्तीचं केलं. अशील माझ्यासमोर बसून रडकुंडीला आला होता आणि मी सरकारला मूर्ख ठरवलं होतं. २०१२ साली बहुतेक देशांसाठी तो नियम काढलाही. पण मला आता त्यातली दुसरीच गोष्ट दिसते. ज्याला गोवा पाहून चार दिवस नेपाळला जायचं आणि दिल्लीवरून घरचं विमान पकडायचं, असा सरळमार्गी प्रवासीही त्या आकड्यात अडकत होता. आकड्याला माणूस ओळखता येत नाही.

माझ्या जुन्या मताला तडा गेला तो इथे. अधिकाऱ्याची मर्जी नको, तर मग मोजमाप हवं. युरोपातल्या शेंगेन देशांचं आहे तसं: कुठल्याही १८० दिवसांत ९०, पुढे चर्चा नाही. थायलंडनेही २००६ साली असंच ९०चं गणित घातलं होतं, पुढे काढून टाकलं. ते ठेवलं असतं तर आम्ही व्हॅनवाले अडकलो असतोच, पण माल घ्यायला किंवा दात करून घ्यायला वरचेवर येऊन लांब मुक्काम करणाराही अडकला असता. त्याला मोकळं ठेवायचं असेल तर काउंटरवरच्या माणसाला पासपोर्ट चाळून 'तुम्ही इथे नक्की काय करता?' असं विचारायची मुभा हवी. २०२५च्या नोव्हेंबरात थायलंडने सांगितलं की कारणाशिवाय वारंवार असे फेरे मारणाऱ्याला परत पाठवू. ते वाचून मला राग आला नाही. साठाचे पुन्हा तीस करायची चर्चाही त्याच वर्षी निघाली होती. ते झालं तर फटका तक्ता करून राहणाऱ्यांइतकाच, दोन महिने सावकाश फिरू पाहणाऱ्या एखाद्या निवृत्त मास्तरांनाही बसेल.

मर्जीची भीती मात्र माझी गेलेली नाही. पासपोर्टचं मुखपृष्ठ पाहून प्रश्नांची संख्या ठरत असेल, तर माझं जुनं व्याख्यान मी आजही देईन. आणि नाकारताना कारण लेखी द्यायला हवं, यावर मी अडून आहे.

आता डीटीव्हीचा अर्ज केला आहे. लॅपटॉपवर परदेशी काम करणाऱ्यांसाठीचा हा व्हिसा २०२४च्या जुलैपासून होताच. १०,००० बाट शुल्क, खात्यात पाच लाख बाट दाखवायचे, मुदत पाच वर्षं. दार उघडं असताना मी खिडकीतून का जात होतो, याचं उत्तर शुल्क आणि कागदपत्रं एवढंच आहे. त्यातही एका प्रवेशाला १८० दिवसच मिळतात. मग मुदतवाढ घ्या, नाहीतर बाहेर जाऊन परत या. "म्हणजे बाबा, पूल तोच!" असं मुलगी म्हणाली. पूल तोच, पण या वेळी तो ओलांडायला मला ज्यांनी सांगितलंय, त्यांना मी तिथे काय करतो ते ठाऊक असेल. आणि १८० आता भरणारच, म्हणजे थाई विवरणपत्र आलं. भारत-थायलंड करकरार छापून घेतलाय, चौथ्या कलमापर्यंत पोचलोय.