शेवटची भाकरी

आज आठवणी लिहिण्याच्या वर्गात 'स्मृतिचित्रे' आणि 'बलुतं' या आत्मकथनांवर बोलणं झालं. लक्ष्मीबाई टिळकांचं शाळेत शिक्षण झालं नव्हतं, तरी त्यांचं पुस्तक समोर बसून बोलल्यासारखं वाटतं. १९७८ च्या 'बलुतं'मध्ये दया पवार स्वतःतल्याच दगडूला बोलतं करतात. केवढं धाडस!

माझं आईवरचं पान पाहून सर म्हणाले, 'आई कष्टाळू होती' हे खोड. ती काय करायची ते लिही. मग हात चालू लागला. भाकरी थापताना आई परातीच्या कडेचं पीठ बोटांनी निपटून घ्यायची. त्यातून होणारी शेवटची भाकरी कायम लहान, आणि ती तिच्या वाटणीची.

हे तिला वाचून दाखवणार आहे. बाबांवरचं पान मात्र अवघड जाईल. त्यात त्यांचा राग यायलाच हवा, आणि त्या रागामागची बंद पडलेली गिरणीसुद्धा.