आमचा छापलेला निबंध

निबंध परिषदेकडे पाठविल्यावर तिसऱ्याच दिवशीं तो स्वीकारल्याचें पत्र आलें, तेव्हां आम्हांस आनंद झाला हें लपविण्यांत अर्थ नाहीं. वाचकांपैकीं जे महाविद्यालयांत शिकवितात त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या नियमांनीं प्राध्यापकांच्या लेखनास गुण लावण्यास आरंभ केल्यावर, 'काय लिहिलें' यापेक्षां 'कोठें छापलें' हाच प्रश्न आम्हां मंडळींच्या तोंडीं अधिक असे. शुल्क भरलें, दहा मिनिटांत निबंध वाचून दाखविला (श्रोते पांच, त्यांतले चार पुढील वक्ते), आणि चार महिन्यांनीं परिषदेच्या जाडजूड कार्यवृत्तांत तो छापूनहि आला.

निबंध एका मोडी पत्रासंबंधीं होता. गांवच्या पाटलानें साऱ्याची सूट मागितल्याचें तें पत्र. त्यावर सन शुहूर. शुहूर सनांत ५९९ मिळविले कीं इसवी सन येतो, हें मोडीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतें. परंतु हें वर्ष मृगाच्या आरंभीं बदलतें. म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदांस ५९९ नव्हे, ६०० मिळवावे लागतात. शिवाय महिने चांद्र. तेव्हां पत्रांतला रजब त्या सालीं कोणत्या ऋतूंत पडला, हें जंत्री उघडल्यावांचून कळत नाहीं. आम्हीं जंत्री उघडली नाहीं. पत्र एक वर्ष मागें गेलें, आणि दुष्काळ पडण्यापूर्वींच पाटलानें सूट मागितली असा चमत्कार घडला. त्यावर 'पाटलाची दूरदृष्टि' म्हणून आम्हीं दोन पानें खर्चिलीं!

तोच धागा वाढवून दुसरा निबंध आम्हीं निराळ्या परिषदेकडे धाडला. तेथें लेखकाचें नांव परीक्षकास कळत नाहीं व परीक्षकाचें लेखकास. तीन महिने सामसूम. मग नकार आला, व त्यासोबत अडीच पानांचें टिपण. त्या अज्ञात गृहस्थानें (किंवा बाईनें) रजब हुडकला होता, मृग हुडकला होता, आणि शेवटीं लिहिलें होतें कीं, पाटील दूरदर्शी नसून लेखकच घाईचा दिसतो. दोन दिवस आम्ही घरांत सर्वांवर चिडलों. तिसऱ्या दिवशीं मुकाट्यानें जंत्री काढली.

२००५ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या तीन विद्यार्थ्यांनीं संगणकाकडून निरर्थक वाक्यें जुळवून घेऊन एक निबंध रचला, आणि फ्लॉरिडांतील एका परिषदेनें तो परीक्षणावांचून स्वीकारलाहि होता. ही हकीकत आम्ही वर्गांत हंसत हंसत सांगत असूं. आतां सांगतांना तितकें हंसूं येत नाहीं. त्यांचा निबंध निदान थट्टेसाठीं लिहिलेला होता.

पहिल्या परिषदेच्या चिटणिसांस आम्हीं दुरुस्ती छापण्याविषयीं लिहिलें. उत्तर तत्काळ आलें; तेथें सर्वच तत्काळ होतें. शुद्धिपत्रास वेगळें शुल्क पडेल, असें त्यांत होतें. तेंहि भरलें.

याच सुमारास एका विद्यार्थिनीचा प्रबंध आमच्याकडे तपासण्यास आला. काम कष्टाचें, अक्षरवाचन आमच्याहून सरस. तिसऱ्या प्रकरणांत मात्र ती पाटलाची दूरदृष्टि जशीच्या तशी उभी होती, आणि खालीं तळटीपेंत आमचें नांव. त्या एका सालावर तिनें पुढची चाळीस पानें रचलीं होतीं.

रात्रभर प्रबंध मेजावर पडून होता. सकाळीं जंत्री जवळ ओढली व टिपण लिहावयास बसलों. चूक आमची आहे, तिची नव्हे, हें पहिल्याच ओळींत लिहिलें; मग रजबाकडे वळलों.