शेजारणीपासून लपव, डॉक्टरांपासून नको

प्रिय बाय,

तुझं नाव इथं लिहीत नाही. तिसरा महिना सरेपर्यंत बातमी बाहेर फोडायची नाही, ही डिचोलीतली, पेडण्यातली आणि आपल्या घरातलीही रीत. ती मोड असं मी सांगणार नाही. दृष्ट लागू नये म्हणून असो, की काही बिनसलं तर चार जणांना उत्तरं देत बसावं लागू नये म्हणून असो, त्यामागची काळजी मला कळते. पण डिचोलीच्या बाजारात फार्मसीच्या काउंटरमागे उमर काढलेली तुझी मावशी एवढं नक्की सांगते: शेजारणीपासून लपव, नणंदेपासून लपव, पण डॉक्टरांपासून आणि औषध देणाऱ्यापासून लपवू नकोस.

कारण बाळ घडतं ते याच गुपचूप दिवसांत. ज्या नळीतून मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू तयार होतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. तोवर कितीतरी जणींना पाळी चुकल्याची शंकाही आलेली नसते. हृदय, हातपाय, ओठ यांची मूळ घडण आठव्या आठवड्यापर्यंत होऊन जाते. आणि याच दिवसांत मळमळ, डोकेदुखी, कणकण सुरू होते. बाई स्वतः येत नाही, नवऱ्याला पाठवते. तो म्हणतो, "अंगदुखीवर काहीतरी द्या." गोळी कुणासाठी हे तो सांगत नाही, आणि गर्दीच्या वेळी कुणी विचारतही नाही.

मळमळीवर घेतलेल्या अशाच एका गोळीनं जगाला हा धडा दिला. थॅलिडोमाइड 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत आलं. झोपेसाठी ते इतकं निर्धोक मानलं गेलं, की तिथं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळायचं. गरोदर बायका ते मळमळीवर घेऊ लागल्या. 1961 च्या नोव्हेंबरात ते मागे घेतलं गेलं, पण त्या औषधापायी जगभरात दहा हजारांवर मुलं आखूड, अपुऱ्या हातापायांनी जन्मली. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी कंपनीच्या तगाद्याला न जुमानता परवानगी अडवून धरली. सुरक्षिततेचा पुरावा पुरेसा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. काउंटरवर उभी राहिलीस की तूही तसंच विचार: हे पोटातल्या बाळाला चालतं का?

आता तुझ्या घरातलं. ताप आला तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घे, सांगितलेल्या मात्रेपुरतंच. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनला हात लावू नकोस. विसाव्या आठवड्यानंतर ही औषधं बाळाच्या मूत्रपिंडांना बाधू शकतात, आणि शेवटच्या तिमाहीत त्याच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. पावसात डेंग्यूचा ताप निघाला तर या गोळ्यांनी रक्तस्रावाची भीती वेगळीच. नदीपलीकडे सिंधुदुर्गात लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीनं शेतात उतरणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन देतात. तुझ्या हातात कुणी ती गोळी ठेवली तर आधी आपली अवस्था सांग, कारण ती बाळाच्या दातांना आणि हाडांना बाधू शकते. सर्दीवर घोटभर फेणी हा आपल्याकडचा जुना उपाय, पण गरोदरपणात दारूची निर्धोक अशी मात्राच नाही. गावठी वखदांचंही तसंच. पाळामुळांचा काढा कशाचा, किती, हे देणाराही सांगू शकत नसेल तर तो तू पिऊ नयेस.

पण मला त्याहून जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. बातमी कळली की घाबरून सगळ्याच गोळ्या बंद करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. तुझी थायरॉइडची गोळी अजिबात बंद करू नकोस. सुरुवातीच्या महिन्यांत बाळ तुझ्याच हार्मोनवर वाढतं, आणि बहुतेक जणींना या काळात मात्रा वाढवावी लागते. फेफऱ्यावरच्या व्हॅल्प्रोएटनं व्यंगाचा धोका वाढतो हे खरं, पण ते एकाएकी सोडलं तर झटक्यानं आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालत नाही, त्याजागी लॅबेटालॉल किंवा मिथिलडोपा देता येतं. हा बदल डॉक्टरांनी करायचा, तोही लगेच. तिसरा महिना सरायची वाट पाहायला इथं वेळ नसतो.

फोलिक ॲसिड सुरू केलं नसशील तर आजच विचार. पुढे सरकारी केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळतील. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, आणि त्या 180 दिवस रोज घ्यायच्या. शी काळी होते म्हणून सोडू नकोस. कॅल्शियमची गोळी आणि चहा मात्र त्या वेळेला नको.

घरातली सगळी पाकिटं, काढ्याची बाटलीसुद्धा, एका पिशवीत घाल आणि कासारवर्णेच्या आरोग्य केंद्रात किंवा तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. पुढे म्हापशाच्या किंवा बांबोळीच्या इस्पितळात पाठवलं तर तिथंही ती पिशवी ने. एखाद्या औषधानं त्रास झालाच तर तो 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवता येतो. आणि दात दाखवायला गेलीस तरी तोंड उघडण्याआधी सांग की तू गरोदर आहेस.

तुझी,
मावशी