पहाटे तीनची आई

फ्रीलान्सिंगचा एक फायदा असतो. रात्री जागलं तरी कुणी नावं ठेवत नाही. डेडलाइन असली की माझा लॅपटॉप पहाटे तीनपर्यंत चालू. गेल्या उन्हाळ्यात लक्षात आलं, त्या वेळी घरात आणखी कुणीतरी जागं असतं. आई! ठाण्यातल्या आमच्या वन बीएचकेच्या गॅलरीत, घामाने भिजलेल्या गाऊनमध्ये वारा घेत उभी.

‘‘झोपच येत नाही गं, उकडतंय.’’

‘‘मे महिना आहे आई, सगळ्यांनाच उकडतंय,’’ इति मी. विषय संपला.

मे संपला, पाऊस आला, आईचं उकडणं काही थांबेना. पंखा पाचवर की दोनवर, यावरून आई-बाबांची रोज रात्री जुंपायची. दिवसा ती चिडली की मी आणि बाबा एकमेकांकडे बघून हसायचो.

ऑगस्टमध्ये ते हसू पुसलं गेलं. आई बँकेत कॅशियर. २४ वर्षांत हिशेबात चूक नाही. त्या दिवशी एका खातेदाराला दहा हजार जास्त गेले. तिने ते पदरचे भरले आणि रात्री वरण वाढता वाढता म्हणाली, ‘‘नोकरी सोडते. डोकंच चालत नाही माझं.’’ वय वर्षं ४८!

पिरियड्सवर बिनधास्त लेख लिहिणारी मी. पण आईची पाळी मागेपुढे व्हायला लागून दीड वर्ष झालंय, हे मला माहीतच नव्हतं.

मग स्त्रीरोगतज्ज्ञ गाठल्या. त्यांनी सोपं करून सांगितलं. इस्ट्रोजेन कमी होतं, तसा मेंदूतला थर्मोस्टॅट हळवा होतो. जराशा उबेनेही शरीर घाम काढायला लागतं आणि झोप मोडते. भारतात पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी थांबते, पण हा त्रास त्याच्या आधीच सुरू होतो आणि काही वर्षं टिकू शकतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासलं. घोरते का, तेही विचारलं, कारण या वयात स्लीप अ‍ॅप्नियाही वाढतो. हार्मोन थेरपीचा विषय निघाला. २००२च्या एका अमेरिकन अभ्यासानंतर सगळे तिला घाबरले होते. पण साठीच्या आतल्या, निरोगी बाईला तिचा फायदा बहुतेकदा धोक्यापेक्षा जास्त, असं आता मानतात. अर्थात, प्रत्येकीची हिस्टरी बघूनच.

आई म्हणाली, ‘‘आधी गोळ्यांशिवाय बघू.’’ मग निद्रानाशासाठीची सीबीटी-आय ही थेरपी सुरू केली. रोज उठायची वेळ एकच. बिछाना फक्त झोपेसाठी. झोप आली नाही तर कूस बदलत पडायचं नाही, सरळ उठायचं. चारनंतरचा चहा बंद (सगळ्यात मोठं भांडण यावरूनच झालं!). सुती चादरी आल्या. पंखा पाचवर, बाबांना जाड गोधडी.

जादू झाली नाही. काही रात्री अजूनही गॅलरीत जातात. पण सलग पाच तास झोप लागलेल्या सकाळी ती गुणगुणत डबा भरते. राजीनाम्याचा कागद कपाटातच आहे.

तुमची आई पन्नाशीकडे झुकलीय? आज फोनवर ‘जेवलीस का’ विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा, ‘झोप लागते का गं?’ आणि ती ‘हो गं, ठीक आहे’ म्हणाली, तर लगेच फोन ठेवू नका.